सॅम्पल साइज : एक

ऑफिसच्या ट्रेनिंगला तुम्ही कधी ना कधी बसला असालच. शनिवारची सकाळ, हॉटेलचा एसी हॉल, प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची छोटी बाटली आणि वाटीभर पेपरमिंट. चहाच्या ब्रेकच्या थोडं आधी ती स्लाइड येतेच येते. पांढरी टोपी, डोक्यावर लांबलचक लाकडी पाटी, पाटीत ओळीनं डबे आणि खाली लाल अक्षरांत ‘सिक्स सिग्मा’. मग ट्रेनर म्हणतो, ‘फ्रेण्ड्स, साठ लाख डब्यांमागे एक चूक! फारसं न शिकलेली माणसं हे करू शकतात, तर आपण का नाही?’ टाळ्या. मग समोसा.

मी अशा ट्रेनिंगना बऱ्याचदा असते. नोकरी म्हणून नाही. फ्रीलान्सर आहे, त्यामुळे कंपन्यांच्या हाउस मॅगझिनसाठी रिपोर्ट लिहायचं काम मिळालं की जाते. डबेवाल्यांची ती स्लाइड मी नाशकातच चार वेळा पाहिलीय.

आता त्यातली गंमत ऐका. १९९८मध्ये ‘फोर्ब्स’मध्ये डबेवाल्यांवर एक लेख आला. सुब्रत चक्रवर्ती त्याचे मुख्य लेखक. डबेवाल्यांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना त्यांनी विचारलं, चुका किती होतात? उत्तर साधारण असं, की जवळजवळ नाहीच, झालीच तर दोनेक महिन्यांत एखादी. धंद्यातला कुठलाही माणूस सहज बोलता बोलता देईल तसं उत्तर. रोजच्या डब्यांच्या संख्येशी त्याचा गुणाकार-भागाकार झाला आणि आकडा तयार झाला. सिक्स सिग्माचा हिशोब वेगळा आहे. दहा लाख संधींमागे फार तर ३.४ चुका, आणि त्याही मोजून काढलेल्या. पण पुढे कुणीतरी या दोन गोष्टी एकमेकींना चिकटवल्या आणि ‘फोर्ब्सनं डबेवाल्यांना सिक्स सिग्मा दिलं’ असं सगळीकडे छापून यायला लागलं. फोर्ब्सनं असं काही सर्टिफिकेट दिलं नव्हतं आणि आपण तो शब्दसुद्धा वापरला नव्हता, हे खुद्द चक्रवर्तींनीच नंतर सांगितलं. तोवर उशीर झाला होता. आज कुणी साठ लाखांत एक म्हणतं, कुणी एक कोटी साठ लाखांत एक!

म्हणजे डबेवाले ग्रेट नाहीत का? आहेत. सॉलिड आहेत. २०१०मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्के यांनी त्यांच्यावर केस लिहिली, तिचा विषय निघाला की मी नेहमी एकच गोष्ट सांगते. तेव्हा जवळपास पाच हजार माणसं दिवसाला दोनेक लाख डबे पोचवत होती. ती कशी, ते बघा. साधारण पंचवीस-पंचवीस जणांचे गट, प्रत्येक गटात एखाद-दोन माणसं जादा, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी डबा अडत नाही. डब्यावरच्या खुणेत फक्त लागेल तेवढीच माहिती. आणि सगळ्यांचा साहेब कोण, तर लोकलचं टाइमटेबल! मोठ्या स्टेशनवर पाट्या गाडीत चढवायला चाळीस सेकंद, मधल्या स्टेशनवर वीस. गाडी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे कोण कुठे मागे पडलंय हे लगेच कळतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये ऑफिसं आणि लोकल दोन्ही बंद झाली आणि या धंद्याचं कंबरडं मोडलं, तेव्हा उलट बाजूनंही हेच दिसलं.

यात खरा माल कुठला? ‘साठ लाखांत एक’ हा आकडा, की चाळीस सेकंद? ट्रेनरला आकडा आवडतो, कारण तो स्लाइडवर बसतो. पण एकाच संस्थेचा खोलात जाऊन अभ्यास केला की हाती लागतं ते ‘कसं’ आणि ‘का’. ‘किती’साठी दुसरी पद्धत लागते.

हे इतकं शहाणपण माझ्याकडे आलं ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. मासकॉमला आम्हाला मॅनेजमेंट रिसर्च कुणी शिकवलं नव्हतं. ही मैत्रीण सातपूरला एका कंपनीत पर्चेसमध्ये आहे आणि शनिवार-रविवार एमबीए करते. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतं, आणि तिनं विषय निवडला तिच्या काकांचं वर्कशॉप. अंबडच्या एमआयडीसीत १९९७मध्ये एका गाळ्यात दोन लेथवर सुरू झालेलं, वाढत वाढत अठरा कामगारांपर्यंत गेलेलं आणि २०१९च्या दिवाळीआधी बंद पडलेलं. गाड्यांचे छोटे छोटे टर्निंगचे पार्ट करायचे तिथे.

गाइड सरांचा पहिला प्रश्न, ‘सॅम्पल साइज किती?’

ती म्हणाली, ‘एक.’

सर हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की बाई, शंभर प्रश्नावल्या भरून घे, लघुउद्योजकांच्या. पाच पर्याय दे, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. टक्केवारी काढ, पाय चार्ट टाक, पास होशील. शिवाय घरचा विषय आहे, बायस येणार.

सरांचं दुसरं म्हणणं अगदी बरोबर होतं. पहिल्याबद्दल मात्र वाद होता. ‘धंदा बंद पडायला बाजाराची परिस्थिती जबाबदार असते का?’ असं शंभर कारखानदारांना विचारलं तर शंभरही जण ‘पूर्ण सहमत’वर टिक करतील. त्यातून कळणार काय?

मग तिनं लायब्ररी पालथी घातली आणि रॉबर्ट यिन या अमेरिकन अभ्यासकाचं केस स्टडी रिसर्चवरचं पुस्तक घेऊन आली. पहिली आवृत्ती १९८४ची. हा माणूस म्हणतो, प्रश्न ‘कसं’ आणि ‘का’ असा असेल, घडणाऱ्या गोष्टींवर तुमचा ताबा नसेल आणि ती गोष्ट आजूबाजूच्या परिस्थितीतून वेगळी काढता येत नसेल, तर केस स्टडी करा. पण मग नीट करा. एकाच माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. कागदपत्रं बघा, जुन्या नोंदी बघा, मुलाखती घ्या, जागेवर जाऊन बघा, वस्तूसुद्धा बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला पटलेल्या कारणाशिवाय दुसरी कुठली कारणं असू शकतात, ती आधीच मांडून ठेवा आणि एकेक तपासा.

इथे एक घोळ आधीच निस्तरते, कारण एमबीएवाल्या मित्रमंडळींत तो हमखास होतो. वर्गात जी केस शिकवतात, ती वेगळी. हार्वर्डनं १९२१च्या सुमारास एका बुटांच्या कंपनीवरची केस वर्गात वाटली, तिथून तो प्रकार रुजला. आपल्याकडे १९६१मध्ये आयआयएम अहमदाबाद हार्वर्डच्या सहकार्यानं सुरू झालं आणि ती पद्धत इथे आली. त्या केसमध्ये मॅनेजरला निर्णयाच्या उंबरठ्यावर आणून सोडतात. पुढे तुम्ही भांडा. चर्चा रंगावी म्हणून ती लिहिलेली असते. रिसर्चची केस वेगळ्या कामाची. तिथे रंगण्याचा प्रश्न नाही, वाचणाऱ्याला पुराव्याचा प्रत्येक धागा मागे मागे जाऊन तपासता आला पाहिजे. आपल्या बहुतेक प्रोजेक्टांत या दोन्हींची मिसळ असते, वर कंपनीच्या ब्रोशरची तर्री.

आणि नाशकात केस म्हटलं की दोनच नावं. एक सुला, दुसरं सह्याद्री. तिच्या बॅचच्या पोरांनीही हीच घेतली होती, आणि चुकीचं काही नाही. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, अमेरिकेतली नोकरी सोडून येतात, गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावतात, २०००मध्ये पहिली वाइन बाजारात आणतात, डिसेंबर २०२२मध्ये कंपनी शेअर बाजारात जाते. गोष्ट भारीच आहे. पण त्याच मातीत, २००१च्या त्याच वाइन धोरणाच्या भरवशावर इतरही पुष्कळ जणांनी वायनरी काढल्या होत्या. विंचूरला वाइन पार्क झाला. २००८नंतर मंदी आली, मुंबईच्या हल्ल्यानंतर पर्यटन आणि हॉटेलं थंडावली, वाइनचा साठा पडून राहिला. अनेक छोट्या वायनरी अडचणीत आल्या, काहींना कुलूप लागलं, शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांचे वेल उपटले. त्या कुलपांवर प्रोजेक्ट करायला कुणी जात नाही. मग नुसती सुला वाचून तुम्ही ‘धाडस, ब्रँडिंग, पॅशन’ अशी यादी काढता. आता मला सांगा, बंद पडलेल्यांकडे पॅशन नव्हती हे कशावरून?

हा फंडा फक्त आपलाच नाही. पीटर्स आणि वॉटरमन यांचं १९८२चं ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ हे पुस्तक जगभर तुफान खपलं. ४३ उत्तम अमेरिकन कंपन्या घेऊन त्यांचे समान गुण त्यात काढले होते. दोनच वर्षांनी, १९८४मध्ये, ‘बिझनेसवीक’नं कव्हर स्टोरी केली, की त्यातल्या बऱ्याच कंपन्या आता धापा टाकतायत. त्या स्टोरीचं शीर्षकच होतं ‘ऊप्स’!

सह्याद्रीच्या बाबतीतही माझं मत थोडं आगाऊ आहे. विलास शिंदे यांनी दिंडोरी तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांची जी कंपनी उभी केली, तिच्यावर लिहिताना सगळे मोठ्ठं पॅकहाउस आणि २०२२मध्ये युरोपातून आलेली ३१० कोटींची गुंतवणूक यांवर थांबतात. मला विचाराल तर केस आहे २०१०मध्ये. त्या वर्षी भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपनं माल नाकारला. कंटेनरच्या कंटेनर अडकले, निर्यातदार आडवे झाले, शिंदेंनाही मोठा फटका बसला. शेतात कुणी काय फवारलं याची नोंद प्लॉटपर्यंत मागे जाऊन सापडली पाहिजे, हे तेव्हा नाशिकच्या द्राक्षवाल्यांना किंमत मोजून कळलं. ‘यश’ हा शब्द खोडून ‘२०१०च्या एप्रिलमध्ये काय काय झालं’ असं शीर्षक दिलं, तर तो प्रोजेक्ट मी स्वतः विकत घेऊन वाचीन.

असो. काकांकडे वळू.

बायसचा प्रश्न सोडवायला मैत्रिणीनं मला पकडलं. मुलाखती मी घ्यायच्या, ती बाजूला बसून टिपणं काढणार. मोबदला, दर रविवारी मिसळ. मी तयार झाले, कारण बाहेरच्या माणसाला लोक जे सांगतात ते पुतणीला सांगत नाहीत. शिवाय मला प्रामाणिकपणे एक गोष्ट बघायची होती. आमच्या धंद्यात एखाद्याचं एक चटपटीत वाक्य मिळालं की स्टोरी झाली. हे लोक त्याच वाक्यावर महिनाभर संशय घेतात म्हणजे नक्की करतात काय?

आणि या घरात संशयाला खरोखर जागा होती. वर्कशॉपच्या कॅश क्रेडिटला मैत्रिणीचे बाबा जामीन होते. थोरले भाऊ, सरकारी नोकरी, सही केली. धंदा बसल्यावर बँकेशी तडजोड झाली आणि त्यात बाबांच्या पीएफमधला मोठा तुकडा गेला. दोघा भावांचं भांडण झालं नाही. गणपतीत एकमेकांकडे जातात, ‘जेवलास का’ विचारतात. त्यापुढे बोलणं जात नाही. तिला प्रोजेक्ट कशावर करायचंय, हे तिनं घरी सांगितलं तेव्हा आई फक्त म्हणाली, ‘कशाला उकरतेस?’

बंद कशानं पडलं, याची प्रत्येकाकडे तयार उत्तरं होती. काका म्हणाले, ‘नोटाबंदी. दुसरं काही नाही, लिहून घ्या तुम्ही.’ काकू म्हणाल्या, ‘ह्यांचा स्वभाव. कुणाला नाही म्हणताच येत नाही.’ जुने सुपरवायझर मूळचे जळगावकडचे, ते म्हणाले, ‘साहेबांनी सीएनसी घेतलं नाही भो. लेथवर किती दिवस काढणार?’ आणि बाबा, ज्यांची मुलाखत मी सगळ्यात शेवटी घेतली, ते चष्मा पुसत म्हणाले, ‘त्याला हिशोब कधी जमलाच नाही.’

चार माणसं, चार कारणं. शंभर प्रश्नावल्यांत हे चार टिक झाले असते आणि पाय चार्टचे चार रंग!

मग माळ्यावरून रेक्झिनच्या दोन बॅगा खाली आल्या. चलनबुकं, विक्रीचं रजिस्टर, बँकेची स्टेटमेंट्स, डेबिट नोट्स, पत्रव्यवहाराची एक फाइल. सगळ्याला कटिंग ऑइलचा वास. माझ्या कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर आम्ही चार्ट पेपर लावले. प्रत्येक बिलाची तारीख आणि त्याचे पैसे प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख, असं एक्सेलमध्ये भरत गेलो. सहा रविवार. मिसळ कितीही चांगली असली तरी हा सौदा मला महागात पडला, हे इथे नोंदवून ठेवते.

पहिल्यांदा बाबांचं कारण पडलं. हिशोब पैशापर्यंत चोख होता. काकांच्या हातची रोजकीर्द बघून आमच्या ओळखीचे सीए म्हणाले, ‘इतकी स्वच्छ वही मोठ्या कंपन्यांतही दिसत नाही.’

मग सीएनसीचं. मैत्रिणीनं इथे जे केलं ते मला फार आवडलं. ती म्हणाली, समजू या, की सुपरवायझर काकांचं बरोबर आहे. मग कागदांत काय दिसायला हवं? जुन्या मशीनमुळे रिजेक्शन वाढत जायला हवं आणि ऑर्डरी कमी होत जायला हव्यात. डेबिट नोट्स मोजल्या. रिजेक्शन किरकोळ. आणि ऑर्डरी २०१८च्या सुरुवातीपर्यंत चक्क वाढत होत्या! ओव्हरटाइमच्या नोंदी साक्षीला.

नोटाबंदीचंही तसंच. ८ नोव्हेंबर २०१६. ती कारण असेल तर गडबड त्या तारखेनंतर सुरू व्हायला हवी. भिंतीवर दिसत होतं ते वेगळंच. २०१२पर्यंत बिलाचे पैसे पंचेचाळीस-पन्नास दिवसांत यायचे. २०१४मध्ये पंचाहत्तर. २०१६च्या उन्हाळ्यात शंभरीपार. नोटाबंदी यायची होती अजून. तिनं दणका दिला, नाही असं नाही, पण पेशंट आधीच अंथरुणावर होता.

लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे, हा कायदा २००६चाच आहे. पण ज्याच्याकडून सगळं काम येतं त्याच्यावर कोण दावा लावणार? काकांचं जवळपास सगळं काम एकाच मोठ्या ग्राहकाचं. मोठी ऑर्डर आली की आनंद, कारण काम वाढलं. काम वाढलं की कच्चा माल जास्त, पगार जास्त, आणि पैसे तीन महिन्यांनी. मधला काळ कॅश क्रेडिटवर. ते टोकाला गेलं, व्याज चढलं, स्टीलवाला उधारीवर चढा भाव लावायला लागला. म्हणजे जितकं जास्त काम, तितकी जास्त चणचण. वर्कशॉप कामाअभावी बंद पडलं नाही. काम असताना त्याचा श्वास कोंडला. २०१९मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तो शेवटचा धक्का. काकूंचं ‘नाही म्हणता येत नाही’ हे कारण मात्र चार्टवरून आम्हाला खोडता आलं नाही. ते अजून आहे.

२०२३च्या वित्त कायद्यानं नियम आणला, की छोट्या पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ग्राहक कंपनीला तो खर्च त्या वर्षी करासाठी दाखवता येत नाही. मी काकांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘बरंय. पोरांना उपयोग होईल.’

आता यावरून ‘अंबडमधली वर्कशॉपं उधारीमुळे बंद पडतात’ असं म्हणता येईल का? नाही. इथेच सरांचा सॅम्पल साइजचा मुद्दा लागू होतो आणि तो मानायलाच हवा. एका वर्कशॉपवरून किती बंद पडली, किती टक्के कशामुळे, हे कधीच कळणार नाही. पण एक यंत्रणा कळते. एकच ग्राहक, वाढत्या ऑर्डरी आणि लांबत जाणारी येणी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते. ही यंत्रणा दुसऱ्या वर्कशॉपला लावून बघता येते. ती तिथे चालते किंवा चालत नाही. आणि ‘ऑर्डरी वाढल्या म्हणजे धंदा सुरक्षित’ असा सरसकट नियम कुणी सांगत असेल तर तो खोडायला एक उदाहरण पुरतं. फ्लूबियर्ग नावाच्या डॅनिश अभ्यासकाचा २००६चा एक गाजलेला लेख आहे, केस स्टडीबद्दलच्या पाच गैरसमजांवर. त्यात हा मुद्दा आहे. तो तिनं सरांना वाचायला दिला. सरांनी वाचलाही, हे सांगायला हवं.

पत्रव्यवहाराच्या फाइलमध्ये आणखी एक कागद होता. २०१४चा. चाकणच्या एका कंपनीनं काकांना चौकशीचं पत्र पाठवलं होतं. नियमित काम, बरा भाव. दुसरा ग्राहक! आणि त्याला काकांच्या उत्तराची कार्बन कॉपी, ‘सध्या आमच्याकडे क्षमता नसल्याने दिलगीर आहोत.’

सुटकेचा दरवाजा समोर होता आणि त्यांनी तो स्वतः लावून घेतला होता. निष्कर्षात हे लिहिणं भागच होतं.

यिनच्या पद्धतीत एक पायरी असते, कच्चा मसुदा ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचायला द्यायचा. आमच्या पेशात छापण्याआधी कॉपी दाखवणं म्हणजे जवळजवळ पाप, त्यामुळे माझा जीव वरखाली. काकांनी पाथर्डी फाट्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, दोन तास वाचलं. एक तारीख दुरुस्त केली. मग चाकणच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, ‘बाळा, हे पान लागतंच का?’

मैत्रीण गप्प. नाव बदललेलं होतं, पण अंबडमध्ये नाव बदलून काय होतंय? दोन ओळी वाचल्या की जाणकार गाळा नंबर सांगतील. पान काढलं तर प्रोजेक्ट खोटं, ठेवलं तर काका दुखावणार. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. ती म्हणाली, ‘काका, पान राहू द्या. पण तुम्ही नाही का म्हणालात, ते तुम्ही तुमच्या हातानं लिहा. मी एक शब्द न बदलता जोडते.’

चार दिवसांनी त्यांनी फुलस्केपचं अर्धं पान दिलं. त्याच स्वच्छ अक्षरात. दुसरा ग्राहक घ्यायचा तर आणखी एक मशीन लागणार होतं. मशीन म्हणजे नवं कर्ज. कर्ज म्हणजे पुन्हा जामीन. दादाच्या मुलीचं, म्हणजे हिचंच, शिक्षण चालू होतं. दादाकडे दुसऱ्यांदा सही मागायला जायचं नव्हतं, म्हणून क्षमता नाही असं कळवलं.

मुलाखतीत मी त्यांना एवढे प्रश्न विचारले होते, पण हे आलं नव्हतं. प्रश्नावलीत तर या कारणाला चौकटच नसती. मॅनेजमेंटच्या भाषेत तिनं त्याचं ‘घरगुती जामिनावर चालणाऱ्या उद्योगाची वाढीची मर्यादा’ असं काहीतरी केलंय. ठीक आहे, मार्क त्यालाच मिळतात.

ते पान परिशिष्ट दोनमध्ये आहे. बाबांनी प्रोजेक्ट वाचलं ते मागून पुढे, परिशिष्टांपासून. नोकरदार माणसाची सवय. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘हे मला माहीत नव्हतं.’ पुढे काही नाही. दोघं भाऊ गळ्यात पडले वगैरे काही झालं नाही, तशी अपेक्षा असेल तर सॉरी. गेल्या खंडेनवमीला मात्र बाबा काकांकडे गेले. मशीन तर केव्हाच विकलेत, काकांनी एक जुनं व्हर्निअर कॅलिपर तेवढं ठेवलंय. त्याला झेंडूचं फूल वाहिलेलं होतं. अर्धा तास बसले, चहा घेतला, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

व्हायव्हा झाली, मार्क बरे पडले. पण मैत्रीण थांबायला तयार नाही. कॅथलीन आयझेनहार्टचा १९८९चा एक लेख तिच्या डोक्यात बसलाय. एका केसवर थांबू नका, चार ते दहा घ्या, आणि मुद्दाम वेगळ्या निकालाच्या निवडा, असा त्याचा सूर. म्हणून तिनं सिन्नरच्या मुसळगावला एक वर्कशॉप शोधलंय. काकांच्याच काळात सुरू झालेलं, त्याच मोठ्या ग्राहकाचं काम करणारं, आणि आजही चालू! तिथले मालक फोनवर म्हणाले, ‘मॅडम, माझं चालू आहे. बिलं-बिलं मी कशाला दाखवू?’ प्रश्न रास्त होता. तिनं काकांचा नंबर दिला. दोघं पाऊण तास बोलले म्हणे, आणि मग मालकांचा मेसेज आला, जीएसटीचं रिटर्न भरून झालं की या, रविवारी.

मिसळ आता सिन्नरच्या रस्त्यावर खावी लागणार. प्रश्नांची यादी तयार आहे आणि या वेळी पहिला प्रश्न तिनं ठरवूनच टाकलाय, तुमच्या कर्जाला जामीन कोण होतं?